तापाची वर्दी कोण देते?

ठाकूरद्वाराच्या आसपासच्या वाड्यांतून एप्रिल-मे महिन्यांत वर्षाचा मसाला करायला घेतात. एका घरात मिरच्या तव्यावर पडल्या, की सगळी चाळ खोकू लागते. तिसऱ्या मजल्यावरच्या आजोबांना मिरची दिसलेली नसते, कोणी त्यांना सांगितलेले नसते, आणि त्यांच्या रक्तात काही मिसळून ते मेंदूपर्यंत पोहोचण्याइतका अवधीही गेलेला नसतो. तरी ठसका लागतो, डोळ्यांना धार लागते, नाक वाहू लागते. ही वर्दी देतात ते नाक-घशाच्या अस्तरात शेवट असलेले बारीक संवेदी चेतातंतू. मिरची या लेखात पुढे पुन्हा येणार आहे, म्हणून तिच्यापासून सुरुवात केली. लेखाचा विषय मात्र ताप आहे, आणि तक्रार आहे ती ताप आपण वर्गात ज्या तऱ्हेने शिकवतो तिच्याविषयी.

आम्ही चार-सहा शिक्षक महिन्यातून एकदा ठाकूरद्वारला एका सहकाऱ्याच्या दोन खोल्यांत जमतो. एकाने वर्गासाठी केलेले टिपण वाचायचे आणि बाकीच्यांनी ते सोलायचे, असा आमचा रिवाज. मागे एकदा टिपणाचा विषय होता, ‘लस दंडात टोचली तर ताप अंगभर का येतो?’ टिपणात लिहिले होते ते थोडक्यात असे : लशीतील परके घटक पांढऱ्या पेशींना भेटतात, त्या पेशी काही रसायने सोडतात, ती रक्तातून मेंदूत जातात, मेंदूतील तापमान-नियंत्रक आपली पातळी वर सरकवतो, ताप येतो. आम्ही सगळ्यांनी माना डोलावल्या. शेजारच्या खोलीतील अकरावीची मुलगी चहा घेऊन आली होती. ती दारातच थांबून म्हणाली, “काका, पण मागच्या वेळी तुम्हीच म्हणालात ना, की रक्तातलं सगळंच मेंदूत शिरू शकत नाही म्हणून? मग एवढं मोठं प्रथिन कसं शिरलं?”

टिपण वाईट नव्हते. भाषा सोपी होती, पायऱ्या स्पष्ट होत्या, आकृतीतील बाण सगळे एकाच दिशेने जात होते. ते आम्हाला इतक्या सहज पटले, हीच खरी काळजीची गोष्ट. मुलीचा आक्षेप रास्त होता. मेंदूतील केशवाहिन्यांच्या भिंतीतील पेशी एकमेकींना घट्ट चिकटलेल्या असतात आणि इंटरल्युकिन-१ सारखे प्रथिन त्यांच्यातून सहजी पार होत नाही. हा अडसर टिपणकर्त्याला माहीत नव्हता असे नाही. तो त्याने दुसऱ्या टिपणात, मेंदूच्या पाठात, नीट शिकवला होता. दोन टिपणे एकमेकांना कधी भेटली नव्हती, एवढेच.

आपली पुस्तकेही अशीच आहेत. राज्य मंडळाचे बारावीचे जीवशास्त्राचे पुस्तक २०२० साली आले. त्यात चेता आणि संप्रेरके यांना ‘नियंत्रण व समन्वय’ या नवव्या प्रकरणात एकत्र बसवले आहे, आणि रोगप्रतिकाराला त्यापुढच्या दहाव्या, आरोग्य व रोगांच्या, प्रकरणात जागा दिली आहे. शिकवण्याच्या सोयीसाठी अशी विभागणी करावीच लागते. आम्हीही तसेच शिकवत आलो. पण समन्वयाच्या प्रकरणातून रोगप्रतिकार वगळला, की विद्यार्थ्याचा समज असा होतो की प्रतिकार करणाऱ्या पेशी म्हणजे सीमेवरची फौज. तिचा मुख्यालयाशी पत्रव्यवहार नसतो. प्रत्यक्षात हा पत्रव्यवहार अखंड चालू असतो, आणि त्याची एक दुर्लक्षित टपाल-वाट चेतातंतूंची आहे.

ही गोष्ट शिकवायला मुंबईइतके चांगले उदाहरण दुसरे नसेल. ठाकूरद्वाराहून धोबीतलावाकडे गेले की मेट्रो सिनेमाजवळ डॉ. अकासियो गाब्रिएल व्हिएगास यांचा पुतळा लागतो. सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागात पसरलेला आजार म्हणजे गाठीचा प्लेग आहे, हे या गोव्याच्या डॉक्टरांनी ओळखले. त्याच वर्षी वॉल्डेमार हाफकिन मुंबईत आले आणि भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजातील एका लहानशा प्रयोगशाळेत त्यांनी प्लेगच्या जंतूंची लस तयार केली. १० जानेवारी १८९७ रोजी त्यांनी तिची १० घन सेंटिमीटर मात्रा प्रथम स्वतःला टोचून घेतली. त्यांची प्रयोगशाळा १८९९ मध्ये परळच्या जुन्या सरकारी बंगल्यात गेली आणि १९२५ पासून ती हाफकिन इन्स्टिट्यूट म्हणून ओळखली जाते. हा इतिहास आपण मुलांना शौर्यकथा म्हणून सांगतो, आणि ती शौर्यकथा आहेच. पण टोचल्यानंतर त्यांना ताप आला आणि टोचलेली जागा दुखू लागली, हा भाग आपण ‘थोडा त्रास झाला, पण ते बरे झाले’ म्हणून उरकून टाकतो. जीवशास्त्राच्या शिक्षकाने थांबायचे ते नेमके इथे. कारण लशीतील जंतू उष्णता देऊन मारलेले होते. म्हणजे शरीरात एकही जिवंत जंतू वाढत नव्हता, कोणतेही इंद्रिय पोखरले जात नव्हते. तरीही कातडीखालच्या एका ठिपक्याची बातमी मेंदूला लागली आणि साऱ्या देहाचा कारभार बदलला. त्यांना रोग झाला नव्हता. तो ताप शरीराने स्वतः होऊन, ठरवून आणलेला होता.

आणि ताप एकटा येत नाही. मराठीने या अवस्थेचे किती बारकावे टिपले आहेत पाहा : कणकण, कसकस, हुडहुडी, ग्लानी, अंग मोडून येणे, तोंडाची चव जाणे. या सगळ्यांबरोबर, पण आपल्याला न जाणवता, आणखी एक गोष्ट घडते. मेंदूतील हायपोथॅलॅमस एक संप्रेरक (सीआरएच) सोडतो. त्याच्या इशाऱ्याने पियुषिका ग्रंथी दुसरे (एसीटीएच) सोडते. ते रक्तातून मूत्रपिंडांच्या डोक्यावर बसलेल्या अधिवृक्क ग्रंथींना पोहोचते आणि तिथून कॉर्टिसोल बाहेर पडते. उंदीर-घुशींत त्याच्याऐवजी कॉर्टिकोस्टेरोन असते. या संप्रेरकाचे एक काम असे की प्रतिकार करणाऱ्या पेशींना ‘आता पुरे’ म्हणून सांगायचे. म्हणजे लढाई सुरू होतानाच ती थांबवण्याचीही तजवीज सुरू होते. १९८६ मध्ये बेसेडोव्स्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले की नुसते इंटरल्युकिन-१ टोचले तरी प्राण्याच्या रक्तात ही संप्रेरके वाढतात. पुढच्या वर्षी ‘सायन्स’ साप्ताहिकाच्या एकाच अंकात तीन गटांचे लेख आले. दोघांच्या मते इंटरल्युकिन हायपोथॅलॅमसमार्फत काम करीत होते, तिसऱ्याच्या मते ते थेट पियुषिकेवरच परिणाम करीत होते. असे अंक वर्गात दाखवता आले तर बरे होईल. विज्ञानात तज्ज्ञांचे दुमत होते आणि तेही छापून येते, हे पाठ्यपुस्तकातून मुलांच्या कधी लक्षात येत नाही.

पण निरोप मेंदूपर्यंत जातो कसा, हा मुलीचा प्रश्न राहिलाच.

रक्ताची वाट खोटी नाही, हे आधी सांगितले पाहिजे. मेंदूत काही मोजक्या जागा अशा आहेत की जिथे तो अडसर सैल असतो. शिवाय प्रथिनाला आत शिरावे लागतेच असे नाही. त्याने केशवाहिनीच्या भिंतीवर बाहेरून थाप मारली, की भिंतीतील पेशी आतल्या बाजूला प्रोस्टाग्लँडिन ई-२ नावाचे छोटे, चपळ रसायन सोडतात आणि पुढचे काम ते करते. ॲस्पिरिनने ताप उतरतो तो याच रसायनाची निर्मिती रोखून; हे जॉन व्हेन यांनी १९७१ मध्ये दाखवायला सुरुवात केली. तेव्हा टिपणातील ‘रक्तातून मेंदूत जातात’ या तीन शब्दांच्या जागी ‘रक्तातून मेंदूच्या उंबरठ्यापर्यंत जातात’ असे लिहिले तर मुलीचा आक्षेप बराचसा मिटतो. पूर्ण मिटत नाही. कारण प्राण्याच्या पोटात जंतूंच्या कवचातील विषाची (एंडोटॉक्सिनची) अगदी अल्प मात्रा टोचली, तर रक्तात इंटरल्युकिन मोजता येण्याइतकेही वाढत नाही, तरी प्राणी मरगळतो आणि त्याची संप्रेरके वाढतात. हा निरोप कोणत्या टपालाने गेला?

संशय गेला व्हेगस म्हणजे प्राणेशा चेतेवर. मेंदूच्या तळाशी निघून हृदय, फुप्फुसे, जठर, यकृत, आतडी असा प्रवास करणारी ही चेता. आपण ती हृदयाचे ठोके मंद करणारी आणि जठररस सोडायला लावणारी म्हणून शिकवतो, म्हणजे मेंदूकडून खाली हुकूम नेणारी. तिच्यातील बहुसंख्य तंतू मात्र उलट दिशेचे, अवयवांकडून वर बातमी नेणारे आहेत. आकृतीत बाण एकाच दिशेने काढायच्या आपल्या सवयीचा हा आणखी एक बळी. १९९४-९५ च्या सुमारास फ्रान्समध्ये बोर्दो, अमेरिकेत कोलोरॅडो आणि हॉलंडमध्ये ॲम्स्टरडॅम इथल्या गटांनी प्रयोग केले. घुशींची प्राणेशा चेता श्वासपटलाच्या खाली कापली, जखम भरू दिली, आणि मग पोटात इंटरल्युकिन-१ किंवा एंडोटॉक्सिन टोचले. तुलनेसाठी दुसऱ्या प्राण्यांचे पोट उघडून, चेता न कापता, पुन्हा शिवले. चेता शाबूत असलेले प्राणी नेहमीप्रमाणे मरगळले. चेता कापलेल्या प्राण्यांत मरगळ कमी दिसली. कोलोरॅडोच्या फ्लेशनर यांच्या गटाला कॉर्टिकोस्टेरोनची वाढ रोखली गेल्याचे आढळले, आणि ॲम्स्टरडॅमच्या गेकेमा यांच्या गटाला हायपोथॅलॅमसमधील पेशींचा आणि एसीटीएचचा प्रतिसाद दबलेला आढळला. पुढे १९९७ मध्ये प्राणेशा चेतेलगतच्या लहान पेशीपुंजांवर इंटरल्युकिन-१ बसू शकेल अशा जागाही सापडल्या. म्हणजे आजोबांच्या घशातील तंतू जसे मिरची चाखतात, तसे पोटातील तंतू दाह चाखतात.

हा निष्कर्ष इतका सुबक आहे की तो लगेच फळ्यावर लिहावासा वाटतो. आमच्या टिपणकर्त्याने तेच केले. महिन्याभराने तो दुसरा खर्डा घेऊन आला, आणि त्यात रक्ताची वाट पुसून टाकून ‘प्राणेशा चेता ही प्रतिकारशक्तीची मुख्य कळ आहे’ असे वाक्य घातलेले होते. पहिल्या खर्ड्यापेक्षा हा आम्हाला जास्त धोक्याचा वाटला. पहिल्यात अर्धे सत्य राहून गेले होते. दुसऱ्याने एका सत्याला सगळी खुर्ची देऊन टाकली होती.

चेता कापण्याच्या प्रयोगावर विद्यार्थ्यांनीही घेता येतील असे आक्षेप आहेत, आणि ते त्यांनीच घ्यावेत अशी आमची सूचना आहे. पहिला : चेता कापली की वर जाणाऱ्या बातमीबरोबर खाली येणारे हुकूमही तुटतात. जठर रिकामे व्हायला वेळ लागतो, प्राणी कमी खातो, वजन घटते. मग ताप कमी आला तो बातमी न पोहोचल्याने, की प्राणी आधीच अशक्त असल्याने? या शंकेवर रोमानोव्स्की यांनी १९९७ मध्ये काम केले आणि खाणे नीट सांभाळलेल्या प्राण्यांतही ताप दबतो असे दाखवले. शंका घेणे वाया गेले नाही. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. मात्रा मोठी दिली, किंवा इंटरल्युकिन पोटात न देता शिरेत दिले, तर चेता कापूनही प्रतिसाद येतो. म्हणजे हा निष्कर्ष त्या मात्रेपुरता आणि त्या जागेपुरता आहे. पोटातली वर्दी पोटातील चेतेने दिली, एवढेच सिद्ध झाले. दंडाचे काय? प्राणेशा चेता दंडाच्या वाटेला जातच नाही.

पहिल्या आक्षेपाला उत्तर शोधताना मिरची परत येते. हंगेरीतील सेगेड इथे मिक्लोश यान्चो यांना १९४० च्या दशकात आढळले, की मिरचीतील तिखट द्रव्याचा, कॅप्सायसिनचा, पुरेसा मारा केला की प्राणी त्याला दाद देईनासा होतो. स्पर्श कळतो, पण तिखट झोंबत नाही. १९७७ मध्ये त्यांचा मुलगा गाबोर यान्चो आणि सहकाऱ्यांनी दाखवले, की नवजात पिल्लांना कॅप्सायसिन दिले तर बारीक संवेदी चेतापेशी कायमच्या नष्ट होतात. हुकूम नेणारे तंतू मात्र शाबूत राहतात. सुरीने साधत नाही ते मिरचीने साधते : बातमी तेवढी तुटते, हुकूम चालू राहतो. शरीराच्या ताणाला मिळणारा संप्रेरकांचा प्रतिसाद आणि तापाचा पहिला टप्पा अशा प्राण्यांत मंदावतो, असे निरनिराळ्या गटांना आढळले आहे. कॅप्सायसिन जिथे बसते ते ग्राही प्रथिन डेव्हिड ज्यूलियस यांच्या प्रयोगशाळेने १९९७ मध्ये शोधले. साधारण ४३ अंश सेल्सिअसच्या उष्णतेनेही ते उघडते, आणि म्हणूनच तिखट लागले की तोंड ‘भाजते’. त्यांना २०२१ चे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. पण इथेही एक पाचर आहे. मिरचीने ज्या चेता जातात त्याच शरीराला उष्म्याची जाणीवही देत असतात. अशा प्राण्यांचे तापमान-नियंत्रणच बिघडलेले असते, तेव्हा त्यांच्या तापाचे मोजमाप वाचताना जपून वाचले पाहिजे. निर्दोष हत्यार कोणाच्याच हाती नाही; दोन सदोष हत्यारांनी एकच उत्तर आले की विश्वास वाढतो, इतकेच.

दंडाच्या प्रश्नाच्या सर्वांत जवळ जाणारा प्रयोग जर्मनीतील गिसेनच्या योआखिम रोट यांच्या गटाचा आहे. त्यांनी गिनीपिगच्या कातडीखाली लहानशी पोकळी राखली आणि तिच्यात एंडोटॉक्सिन सोडले. ताप आला. मग त्याच पोकळीत एंडोटॉक्सिनबरोबर, दात काढताना देतात तशा प्रकारचे, जागा बधिर करणारे औषधही सोडले. ताप कमी आला. २००० साली प्रसिद्ध झालेला हा प्रयोग आम्हाला फार आवडतो. त्यात काही कापलेले नाही, कायमचे काही मारलेले नाही. फक्त तेवढ्या जागेच्या चेता तेवढ्या वेळापुरत्या झोपवल्या आहेत. मात्र ‘कमी आला’ हे शब्द नीट वाचावेत. ‘आला नाही’ असे ते नाहीत. उरलेला ताप रक्ताच्या वाटेने आला असे मानायला जागा आहे. हाफकिन यांच्या कातडीखाली गेलेली मात्रा चांगली दणदणीत होती; त्यांचा ताप बहुधा दोन्ही वाटांनी चढला असावा. पण हा आमचा तर्क आहे, आणि वर्गात तो तर्क म्हणूनच सांगावा.

‘मुख्य कळ’ या कल्पनेला सर्वांत मोठा धक्का दिला तो २०२३ मधील एका कामाने. हार्वर्डमधील स्टीफन लिबरलेस यांच्या गटाने इन्फ्लूएंझा झालेले उंदीर अभ्यासले. उंदीर आजारी असल्यासारखे वागू लागतात, खाणे-पिणे-हालचाल कमी करतात, ते नाकामागच्या घशातील मूठभर संवेदी पेशींमुळे. या पेशी प्रोस्टाग्लँडिन ई-२ ओळखतात आणि वर कळवतात. त्या काढून टाकल्या तर उंदीर कमी आजारी दिसतात आणि अधिक संख्येने जगतात. गंमत अशी की या पेशींचे तंतू प्राणेशेतून जात नाहीत. ते जिव्हाग्रसनी चेतेतून, म्हणजे नवव्या मस्तिष्क चेतेतून जातात. आणखी एक गोष्ट : हे आजाराच्या सुरुवातीच्या टप्प्याचे झाले. विषाणू फुप्फुसांत उतरल्यावर निरोपाची दुसरी वाट सुरू होते आणि ती या पेशींवर अवलंबून नसते. ज्या प्रोस्टाग्लँडिनला आपण रक्ताच्या वाटेचा दूत म्हणून वर ओळखले, तोच इथे चेतेच्या दारात उभा आहे. तेव्हा ‘रक्त की चेता?’ असा प्रश्न परीक्षेत दोन गुणांना घालणे आता सोडून द्यावे.

याचा अर्थ प्राणेशेचे महत्त्व कमी, असा नाही. २०२४ मध्ये कोलंबिया विद्यापीठातील चार्ल्स झुकर यांच्या गटाने दाखवले, की तिच्यातील काही तंतू दाह वाढवणाऱ्या संदेशांना आणि दुसरे काही तंतू दाह शमवणाऱ्या संदेशांना दाद देतात, आणि मेंदूच्या तळाशी असलेल्या पेशी त्यावरून दाहाचा ‘आवाज’ कमी-जास्त करतात. उंदरांत या पेशी गप्प केल्या तर दाह मोकाट सुटतो. पण उंदरांतील या शोधापासून ‘सकाळी थंड पाण्याने तोंड धुवा, गुळण्या करा, व्हेगस जागवा आणि प्रतिकारशक्ती वाढवा’ इथपर्यंत उडी मारणारे मजकूर मोबाइलवरून पालकांपर्यंत आणि पालकांकडून आपल्यापर्यंत येतात. त्यांना उत्तर द्यायला आकडे हाताशी असावेत. प्राणेशेला विजेचे सौम्य झटके देणारे, शस्त्रक्रियेने बसवायचे एक यंत्र आमवाताच्या रुग्णांसाठी अमेरिकेत जुलै २०२५ मध्ये मंजूर झाले. त्याच्या चाचणीत २४२ रुग्ण होते. बारा आठवड्यांनी ठरलेल्या मोजपट्टीवर सुधारणा दिसली ती यंत्र चालू असलेल्यांपैकी सुमारे ३५ टक्क्यांत, आणि यंत्र बसवून बंद ठेवलेल्यांपैकी सुमारे २४ टक्क्यांत. फरक खरा आहे, आणि लहान आहे. गळ्यात यंत्र बसवून जे इतपतच साधते ते गुळण्यांनी साधेल, असे म्हणणाऱ्याकडे पुरावा मागायला हवा.

एवढा खल एका टिपणासाठी कशाला, असे आमच्यातल्याच एकाने विचारले. त्याचे उत्तर त्या ‘आता पुरे’ म्हणणाऱ्या संप्रेरकात आहे. १९८८ मध्ये असे दिसून आले, की अधिवृक्क ग्रंथी काढलेल्या उंदरांना इंटरल्युकिन-१ ची, एरवी सहज सोसेल अशी मात्राही प्राणघातक ठरते. मारते ते जंतूचे विष कमी आणि लगाम सुटलेला आपलाच प्रतिकार जास्त. हे ज्याला समजले त्याला २०२० साल समजते. त्या जूनमध्ये ब्रिटनमधील मोठ्या चाचणीने दाखवले, की डेक्सामेथासोन हे या संप्रेरकाच्या जातीचे स्वस्त औषध प्राणवायूवर किंवा कृत्रिम श्वसनावर असलेल्या कोविड रुग्णांचे प्राण वाचवते. ज्यांना प्राणवायूची गरज नव्हती त्यांना त्याचा फायदा दिसला नाही. लगाम उधळलेल्या घोड्याला लावायचा असतो, नुकत्याच निघालेल्या नव्हे. २०२१ च्या लाटेत हा भेद अनेक ठिकाणी पाळला गेला नाही, आणि महाराष्ट्रात म्युकरमायकोसिसने, काळ्या बुरशीने, अनेकांचे डोळे आणि जबडे घेतले. मधुमेह आणि स्टेरॉइडचा अवाजवी वापर ही त्यामागची मोठी कारणे होती.

हे संकट ओसरले, सवय राहिली. त्वचेच्या मलमात, सांधेदुखीच्या ‘हमखास’ गोळीत स्टेरॉइड असते आणि घेणाऱ्याला ते ठाऊक नसते. बाहेरून हे औषध बरेच दिवस येत राहिले की हायपोथॅलॅमस आणि पियुषिका आपले हुकूम बंद करतात, अधिवृक्क ग्रंथी आळसावते. मग कोणी ‘बरे वाटले’ म्हणून गोळी एकदम बंद केली आणि नेमका त्या सुमारास ताप आला, तर वर्दी पोहोचते, हुकूम मात्र सुटत नाही. रक्तदाब कोसळून रुग्ण दगावू शकतो. डॉक्टर स्टेरॉइडची मात्रा हळूहळू उतरवायला सांगतात ती यासाठी. आमच्या वर्गांत दम्याची औषधे घेणारी मुले आहेत. त्यांच्या घरी हे वाक्य पोहोचणे गरजेचे आहे. त्याचबरोबर घाबरून कोणी डॉक्टरांनी दिलेले औषध आपल्या मनाने थांबवू नये, हेही त्याच दमात सांगितले पाहिजे. हे दोन्ही सांगायचे तर चेता, संप्रेरके आणि प्रतिकार यांची एकच आकृती फळ्यावर काढावी लागते. वेगवेगळ्या प्रकरणांतील तीन आकृत्यांवरून ते सांगता येत नाही.

टिपणाचा तिसरा खर्डा आता तयार आहे. त्यात दंडातील ठिपक्यापासून मेंदूपर्यंत दोन बाण आहेत, एक रक्ताचा आणि एक चेतेचा, आणि दोघांच्या मध्ये प्रोस्टाग्लँडिन लिहिलेले आहे. चेतेच्या बाणाखाली ‘मात्रा आणि जागा यांवर अवलंबून’ असे बारीक अक्षरात आहे. मेंदूकडून अधिवृक्क ग्रंथींकडे येणारा तिसरा बाण परत त्या ठिपक्यापर्यंत नेलेला आहे, आणि त्याच्या टोकाला बाणाच्या फाळाऐवजी आडवी रेघ आहे. अकरावीच्या मुलीला आम्ही तो दाखवला. तिने बराच वेळ पाहून विचारले, “मग बधिर करायचं औषध लशीतच घातलं तर ताप कमी येईल, पण प्रतिपिंडंही कमी होतील का?” गिनीपिगच्या त्या प्रयोगात मोजला होता तो ताप. पुढच्या महिन्याचे टिपण या प्रश्नावर आहे, आणि ते लिहायचे काम आम्ही तिच्याकडेच सोपवले आहे.